कार्बन वाढतोय तो माणसं वाढल्यामुळं का मीटर वाढल्यामुळं?

शिरोलीकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचून गप बसणाऱ्यातला, पण हा विषय डोक्यातनं जाईना म्हणून धागा काढतोय. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना) मेंटेनन्स बघतो. आमचं कास्टिंग ज्यांच्याकडं जातं त्यातल्या एका पार्टीचा माल पुढं युरोपला जातो, त्यांनी यंदा फॉर्म पाठवलाय, टनामागं किती कार्बन डायऑक्साइड (पुढं नुसतं कार्बन म्हणतो) निघतो ते लिहून द्या. मालकांनी फॉर्म माझ्या टेबलावर टाकला, "बघ बाबा तुझ्याच्यानं काय होतंय ते". झालं.

फॉर्म भरता भरता आकडे वाचायची खोड लागली. आमच्या कँटीनला सगळ्यांचं पालुपद एकच, एवढी माणसं हैत तर धूर निघणारच. पण हिशोब जुळत नाही हो. १९९० ला भारताची लोकसंख्या साधारण ८७ कोटी होती, आता १४० कोटीच्या पुढं, म्हणजे दीडपटीहून थोडी जास्त. त्याच काळात इंधनापासून निघणारा कार्बन ६० कोटी टनाच्या आतबाहेर होता तो २८० कोटी टनाच्या घरात गेलाय, साडेचार पट तरी धरा. मग मधली तिप्पट कुणाची? चीनचं तर अजून उघड आहे, माणसं ११४ कोटीवरनं १४१ कोटी, सव्वापट सुद्धा नाही धड, आणि कार्बन पाचपटीच्या आसपास.

आणि माणशी बघायला गेलं तर आपण दोन टन, अमेरिका तेरा-चौदा टन, जगाची सरासरी साडेचारच्या वर. मग विकसनशील देशांत हे नेमकं वाढतंय कशानं? आणि आमच्यासारख्या कारखान्याच्या हातात त्यातलं किती आहे? जाणकारांनी लिहावं. राजकारण नको.

गंगावेस_कट्टा

राजकारण नको म्हणून लिहिलं की हमखास होतं. बाकड्यावर जागा धरून बसलोय. 🍿

अर्थमती

चांगला धागा. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते त्यामुळं थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

तुम्ही जो गुणाकार करायला गेलात त्याला काया समीकरण म्हणतात, योइची काया नावाच्या जपानी अभ्यासकाच्या नावावरनं. एकूण कार्बन म्हणजे माणसं किती, गुणिले माणशी उत्पन्न किती, गुणिले एक रुपया कमवायला ऊर्जा किती लागते, गुणिले त्या ऊर्जेत कार्बन किती. चारच गोष्टी. भारताचं बघा, १९९० पासून महागाई वजा करून अर्थव्यवस्था साधारण सात पट झालीय आणि कार्बन साडेचार-पाच पट, म्हणजे रुपयामागचा कार्बन तिसऱ्या हिश्शानं घटलाय. आपण सुधारलो नाही असं नाही, सुधारलो, पण जेवढं सुधारलो त्याच्या कितीतरी पुढं उत्पन्न पळालं. म्हणून सरकार २०३० साठी जे आश्वासन देतं (२००५ च्या तुलनेत ४५ टक्के घट) ते या रुपयामागच्या कार्बनचं आहे, एकूण कार्बनचं नाही, हे पेपरात वाचताना निसटतं.

लोकसंख्येचं म्हणाल तर नायजेरिया घ्या. १९९० ला साडेनऊ कोटीच्या आसपास होते, आता बावीस कोटीच्या वर, दुपटीहून जास्त झाले. तरी माणशी कार्बन एक टनाच्या पण खाली आहे कारण अर्ध्या लोकांच्या घरात भरवशाची वीजच नाही. नुसतं माणूस जन्मल्यानं कार्बन निघत नाही, त्याच्या हातात पैसा आला आणि त्या पैशानं त्यानं कोळशावरचं काहीतरी विकत घेतलं की निघतो.

आणि कार्बन सगळ्यात झपाट्यानं वाढायचा टप्पा कुठला, तर गरिबीतनं मधल्या उत्पन्नाकडं जाताना. कारण तेव्हा रस्ते, पूल, घरं, कारखाने सगळं एकदम बांधायचं असतं, सिमेंट-लोखंड लागतं. एकदा बांधून झालं की देश सॉफ्टवेअर आणि बँकांवर पैसा मिळवतात. उत्पन्न वाढलं की प्रदूषण आधी चढतं आणि मग उतरतं असा एक वक्र आमच्यात शिकवतात, सायमन कुझनेट्सच्या नावानं ओळखतात त्याला, पण कार्बनच्या बाबतीत तो आपोआप उतरतो यावर माझा तरी विश्वास नाही. धुरानं डोळे चुरचुरले की लोक बोंब मारतात, कार्बन डायऑक्साइडला ना वास ना रंग.

राशिवड्याचा_ऊस

मॅडम भारी लिवलंय पर आमच्याकडचं बी सांगतो. माझी दहा एचपीची मोटर हाय नदीवर, भोगावतीला. कागदावर साडेसात. का ते इचारू नका, साडेसातपतोर बिल माफ हाय २०२४ पास्नं, आता कळलं? आमच्यात निम्म्या मोटरी तीन-तीन डाव रिवाइंड केलेल्या हैत, त्या वीज खातात किती आणि पाणी फेकतात किती कुणी बघत न्हाई, कारण बिलच न्हाई तर बघंल कोण. ऑटो-स्विच लावून ठेवल्यात, लाइट आली की मोटर चालू, पाणी ऊसात जातंय का वड्याला जातंय द्येव जाणे.

आता तुमी म्हणणार शेतकरी उधळ्या हाय. तर आधी ह्ये ऐका, आमाला लाइट आठवड्याआड रात्रीची. रात्री बाराला राधानगरीच्या बाजूला पाणी पाजाय जायाचं म्हंजे गव्याचं भ्या, इच्चूकाट्याचं भ्या. मग माणूस ऑटो-स्विच लावणार न्हाई तर काय करणार? दिवसा लाइट द्या, मी मीटर लावतो की गा.

गंगावेस_कट्टा

ऊस दादा एक नंबर. वडा पण शेतच म्हणायचं की मग 😂

सबस्टेशन_नाईट_ड्युटी

राशिवडेकर काका, दिवसा वीज द्यायचं कामच चाललंय, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी म्हणून जी योजना आहे (२०१७ ची, मग २०२३ ला दुसरा टप्पा) त्यात गावाजवळ सोलर टाकून शेतीचा फीडर (शेतीला जाणारी वेगळी लाइन) त्यावर चालवायचा. जिथं चालू झालंय तिथं लोक खूश आहेत. जागा मिळायला वेळ लागतोय. आपल्या भागात बागायत जमीन कोण देणार, माळरान आहे तिथं लाइन लांब पडते.

आता मूळ विषय. पेपरात बातमी आली होती, २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा हिस्सा कोळसा-गॅस सोडून इतर गोष्टींचा झाला. बातमी खरी आहे. पण लोक त्यावरनं समजतात निम्मी वीज स्वच्छ झाली. तसं नसतं राव. एक मेगावॅट सोलर वर्षाला साधारण १६ लाख युनिट देतं, कारण रात्री शून्य, ढग आले की कमी. एक मेगावॅट कोळसा पासष्ट टक्के चालला तरी ५७ लाख युनिट. म्हणून क्षमता निम्मी असली तरी प्रत्यक्ष युनिटांत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या वर आहे. कोळशाच्या एका युनिटामागं जवळजवळ एक किलो कार्बन, आणि सगळ्या विजेची सरासरी काढली तर ७२० ग्रॅमच्या आसपास. शिरोलीकर, तुमच्या फॉर्मला हाच आकडा लागणार, केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी काढतं.

आमचा खरा घाम संध्याकाळी निघतो. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली, ती दुपारची होती, दुपारी सोलर हाताशी असतं, निभतं. सूर्य मावळला की सोलर तासाभरात गुल आणि तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर, आणि आता एसी. कोल्हापुरात पूर्वी एसी म्हणजे डॉक्टरांच्या केबिनला, आता रुईकर कॉलनीपासनं फुलेवाडीपर्यंत गॅलरीत डबे लटकलेले दिसतात. ती संध्याकाळ कोण भरून काढतं? कोळसा आणि थोडं पाणी. कोयनेसारखं केंद्र असतं म्हणून लगेच चालू-बंद करता येतं, पण कोयनेचं वीजेसाठीचं पाणी पाणीवाटपाच्या लवादानं ठरवून दिलेलं आहे, मनाला येईल तेवढं सोडता येत नाही.

नाव_नको

हे सगळं गोऱ्यांचं कारस्थान आहे. दोनशे वर्षं त्यांनी कोळसा जाळला, आपल्यावर राज्य केलं आणि आता आपण दोन पैसे मिळवायला लागलो तर फॉर्म भरा म्हणतात. भरू नका.

अर्थमती

@नाव_नको, पहिल्या अर्ध्या भागाला माझा पाठिंबा. औद्योगिक क्रांतीपासून आजवर जेवढा कार्बन हवेत गेला त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्के. आणि हवेत गेलेल्या कार्बनचा बऱ्यापैकी भाग शेकडो वर्षं तिथंच राहतो, त्यामुळं जुना हिशोब हा आजचाही हिशोब आहे. पण फॉर्म न भरून कुणाचं नुकसान होणार? युरोपचा सीमेवरचा कार्बन कर २०२६ पासून पक्का लागू झालाय, लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत असल्या मालावर. फॉर्म भरला नाही तर ते स्वतःचा ठोकताळा लावतात, आणि ठोकताळा कधी तुमच्या बाजूनं नसतो.

अजून एक, आपल्या खात्यावर मांडलेला सगळा कार्बन आपण वापरलेला नसतो. चीन २००१ ला जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याचा कार्बन असा चढला की २००६ च्या सुमारास त्यानं अमेरिकेला मागं टाकलं. त्यातला मोठा वाटा परदेशी दुकानांत जाणाऱ्या मालाचा होता. माल तिकडं, धूर इकडं. शिरोलीकरांचं कास्टिंग त्यातलंच.

शिरोलीकर

सबस्टेशन भाऊ, ७२० ग्रॅमबद्दल आभार, त्यावरनं रात्री बसून हिशोब केला आणि डोकं भंजाळलं. सांगतो.

आमच्यात पूर्वी क्युपोला होता, म्हणजे हार्ड कोकवर चालणारी उभी भट्टी. काळा धूर, शेजारच्यांच्या तक्रारी, प्रदूषण मंडळाच्या नोटिसा. मग इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवरची भट्टी घेतली, आता धूर जवळजवळ नाहीच, सगळ्यांना वाटतं आपण हिरवे झालो. आता आकडे बघा. इंडक्शनवर एक टन लोखंड वितळवायला आमच्यात ६०० युनिटच्या आसपास लागतात, गुणिले ०.७२ म्हणजे ४३० किलो कार्बन. क्युपोला नीट चालवला, आठास एक कोक बसला, तर टनाला १२५ किलो कोक, त्याचा किलोमागं तीनच्या वर कार्बन धरून साधारण ३९० किलो. म्हणजे चांगला क्युपोला आणि इंडक्शन जवळपास सारखेच!! धूर शिरोलीतनं गेला तो चंद्रपूरच्या कोळशाच्या वीज केंद्रात जाऊन निघाला, एवढंच.

क्युपोला वाईट चालवला, पाचास एक कोक गेला, तर ६०० किलोच्या वर जातो हे पण खरं, आणि बऱ्याच ठिकाणी तसाच चालायचा. शिवाय राखेचे कण, गंधक, कामगारांची छाती, त्या बाबतीत इंडक्शन शंभरपट बरी, त्यात वाद नाही. पण कार्बनच्या रकान्यात आम्ही लाखो रुपये घालून जिथल्या तिथं आहे. उद्या ग्रिडमधली वीज सुधारली तर आमची फर्नेस काहीही न करता सुधारेल, आणि नाही सुधारली तर आम्ही कितीही आपटलं तरी काही होत नाही. मालकाला हे कसं सांगू?

जुना_मोल्डर

शिरोलीकर, हिशोब बरोबर आहे पण ६०० युनिट हा आकडा देवानं दिलेला नाही. लोखंड पंधराशे डिग्रीला न्यायला थिअरीनं चारशे युनिटच्या आतच लागतात. उरलेले दोनशे कुठं जातात बघितलंस का? भट्टीचं झाकण उघडं, मोल्डिंग लाइन (साचे) तयार नाही म्हणून वितळलेल्या लोखंडाचा रस तसाच उकळत ठेवलेला, लॅडल (रस ओतायचं भांडं) नीट तापवलेली नाही म्हणून रस पन्नास डिग्री जास्त गरम करून घ्यायचा, भंगार गंजलेलं आणि मातीचं. मी उद्यमनगरात ऑइल इंजिनची बॉडी ओतायचो त्या काळापासनं सांगतोय, भट्टी कोळशाची असो का विजेची, रस थांबला की पैसा जळतो. आणि रिजेक्शन! दहा टक्के माल रिजेक्ट झाला म्हणजे तो परत वितळवायचा, परत युनिट. कुणी कार्बनच्या फॉर्ममध्ये रिजेक्शनचा रकाना ठेवत नाही, ठेवायला पाहिजे.

डिव्हायडेड ब्लास्ट क्युपोला म्हणून एक प्रकार असतो, हवा दोन ओळींनी सोडायची, कोक बराच वाचतो. तुमच्या जुन्या भट्टीला तो केला असता तर निम्म्या खर्चात काम झालं असतं. पण तेव्हा इंडक्शनची फॅशन होती.

शिरोलीकर

काका फॅशन नाही, एसजी आयर्नची (जास्त चिवट ओतीव लोखंड) ऑर्डर होती, ते क्युपोलात धड जमत नाही गंधकामुळं. बाकी झाकणाचं पटलं. 🙏

सायगावकर_कोल्हापुरी

मूळचा राजारामपुरीचा, गेली बरीच वर्षं हो ची मिन्ह सिटीत. इथलं सांगतो, कारण व्हिएतनाम म्हणजे या धाग्याचं चालतं-बोलतं उदाहरण आहे.

इथं आधी जलविद्युत भरपूर होती. मग जगभरातले कारखाने आले, बूट, कपडे, मोबाइल, विजेची मागणी वर्षाला दहा-दहा टक्क्यांनी वाढायला लागली. तेवढ्या वेगानं धरणं बांधता येत नाहीत, म्हणून कोळसा. मग सरकारनं सोलरला युनिटमागं ९.३५ सेंट असा पक्का दर जाहीर केला, जून २०१९ च्या आत जोडणाऱ्यांना. लोक अक्षरशः तुटून पडले, २०१८ ला सोलर नावापुरतं होतं ते २०२० संपताना १६ हजार मेगावॅटच्या वर. एवढ्या झटकन क्वचितच कुणी केलं असेल. पण लाइनच नव्हती ना वाहून न्यायला! दक्षिणेला ऊन, कारखाने उत्तरेला पण, त्यामुळं सोलर बंद ठेवायला सांगायचे. आणि २०२३ च्या उन्हाळ्यात उत्तरेत पाऊस लांबला, धरणं आटली, कारखान्यांची वीज गेली, मग पुन्हा कोळशाकडं पळापळ. आता इथली निम्म्याच्या आसपास वीज कोळशाची आहे. दुष्काळ पडला की कार्बन वाढतो हे मी इथं येऊन शिकलो.

शेजारी इंडोनेशियात तर वेगळीच गंमत, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला लागणारं निकेल गाळायला ते कारखान्याच्या दारातच कोळशाचे वीज प्रकल्प उभे करतायत.

पण उलटं पण उदाहरण आहे, इथिओपियाची वीज जवळजवळ सगळी पाण्याची, आणि त्यांनी २०२४ ला पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्या आयात करायलाच बंदी घातली. पर्यावरणाचं प्रेम वगैरे नंतर, तेल आणायला डॉलर नव्हते म्हणून. गरीब देश म्हणजे कोळसा असं काही लिहून ठेवलेलं नाही, पायाखाली काय सापडतं त्यावर आहे.

इचल_माग

पायाखाली काय सापडतं हे बरोबर. आपल्या देशाच्या पायाखाली कोळसा, तो पण राखेनं भरलेला, तीस-चाळीस टक्के राख. २०२४-२५ ला १०० कोटी टनाच्या वर काढला. तेल-गॅस पुरेसा नाही. मग काय करणार.

आमच्या इचलकरंजीत मागाला वीज सवलतीची, त्यामुळं जुने साधे माग अजून धडधडतायत, मोटर बापाच्या काळातली. नवीन मोटर घ्यायची म्हटलं तर बँक विचारत नाही. बास एवढंच.

अर्थमती

इचल_माग, "बँक विचारत नाही" हे तुम्ही एका ओळीत लिहून मोकळे झालात, माझ्या मते सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

सोलरला इंधनाचा खर्च शून्य, सगळा पैसा पहिल्या दिवशी घालायचा. म्हणजे त्याच्या युनिटचा भाव ठरतो व्याजावर. युरोपात कर्ज मिळतं त्याच्या दुप्पट-तिप्पट दरानं गरीब देशांत मिळतं, काही देशांत त्याहून महाग. कोळशाचं केंद्र बांधायला पण पैसा लागतो, पण त्याचा बराच खर्च पुढं वर्षानुवर्षं कोळसा घेण्यात जातो, त्यामुळं व्याज चढलं तरी त्याला कमी झोंबतं. तेच ऊन, तीच चिनी पॅनेल, तरी झांबियात युनिट महाग आणि जर्मनीत स्वस्त पडू शकतं. ज्याच्याकडं पैसा नाही तो स्कूटरसुद्धा हप्त्यानं महागात घेतो, तसंच हे.

आणि एकदा बांधलं की चाळीस वर्षं. आशियातली बरीच कोळसा केंद्रं पंधरा वर्षांच्याही आतली आहेत, कर्ज फिटायचंय. ती बंद करा म्हणणं सोपं आहे, कर्ज कोण भरणार ते कुणी सांगत नाही. मला विचाराल तर पुढच्या वीस वर्षांचा कार्बन मागच्या पंधरा वर्षांतल्या बँकांच्या सह्यांनी ठरवून टाकलाय.

गुळाची_ढेप

आमच्या गुऱ्हाळाचा पण हिशोब लावा की कुणी. चुलवाणात चिपाड घालतो, धूर तर दिसतोच, मग आमचा कार्बन किती?

सबस्टेशन_नाईट_ड्युटी

ढेपदादा, तुमचा शून्य धरतात 😀 चिपाडातला कार्बन त्या ऊसानं वर्षाआधी हवेतनंच घेतलेला असतो, तो परत गेला. साखर कारखान्यांच्या को-जनचं (साखरेबरोबर वीज) पण तसंच, बगॅसवरची, म्हणजे चिपाडावरची वीज हिशोबात स्वच्छ. अट एवढीच की बगॅस संपल्यावर बॉयलरमध्ये कोळसा घालायचा नाही, ऑफसीझनला काही ठिकाणी घालतात. आणि ऊसाला जे युरियाचं पोतं पडतं, जी मोटर चालते, तो कार्बन वेगळा. राशिवडेकर काकांची दहाची मोटर तुमच्या गुळात आहेच.

राशिवड्याचा_ऊस

माझी मोटर समद्यांच्या गुळात हाय, साखरंत बी हाय, आता सोडा की तिला 😄

ताराराणी_चौक

सायगावकरांनी गाड्यांचा विषय काढलाच आहे तर विचारते, मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतलीय आणि दीर रोज टोमणे मारतो की वहिनी तुमची गाडी पण कोळशावरच चालते. शिरोलीकरांच्या भट्टीसारखं माझं पण जिथल्या तिथं आहे का?

सबस्टेशन_नाईट_ड्युटी

नाही ताई, तुमचं बरंच बरं आहे. पेट्रोल लिटरला २.३ किलो कार्बन, गाडी पन्नास देते धरली तर किलोमीटरला ४६ ग्रॅम. तुमच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला तीन युनिट लागत असतील, चार्जरची आणि लाइनची गळती धरून साडेतीन म्हणा, तरी २५ ग्रॅमच्या आसपास येतं. निम्म्याजवळ. फरक का पडतो, तर पेट्रोल इंजिन पाऊण भाग उष्णता सायलेन्सरमधनं आणि इंजिनच्या अंगातनं बाहेर फेकतं, मोटर तसं करत नाही. क्युपोलात कोक थेट लोखंडालाच तापवतो, म्हणून तिथं विजेला तेवढा फायदा मिळत नाही. दीराला म्हणावं दर वर्षी ग्रिड सुधारेल तशी माझी गाडी सुधारते, तुझी नाही.

ताराराणी_चौक

स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला. आता मजा बघते.

नाव_नको

सोलर सोलर करताय, पाटगावला पंप्ड स्टोरेज आणायचं म्हटल्यावर भुदरगडचे लोक पाण्यासाठी रस्त्यावर आले ते विसरलात का? संध्याकाळची वीज साठवायची तर कुणाच्या तरी पाण्यावर डोळा. हे पण लिहा.

अर्थमती

हे मात्र तुम्ही बरोबर आणलंत. रात्रीसाठी वीज साठवायची म्हटलं तर एक बॅटरी, नाहीतर डोंगराखालचं पाणी वर चढवून ठेवायचं. तांत्रिकदृष्ट्या सह्याद्री त्याला फार सोयीचा, उतार आयता आहे. पण ज्या धरणावर खालच्या गावांचं पिण्याचं आणि शेतीचं पाणी आहे तिथं लोकांना आधी न विचारता आखलेलं काहीही पुढं सरकत नाही, आणि सरकू पण नये.

संपादक

धागा विषयावर राहू द्या मंडळी. पाटगाववर वेगळा धागा काढायला हरकत नाही. दोन वैयक्तिक प्रतिसाद उडवले आहेत.

शिरोलीकर

संपादक, आभार. सगळ्यांचे प्रतिसाद मालकांना छापून दाखवले (राशिवडेकर काकांचं दहाच्या मोटरचं तेवढं खोडलं). ते म्हणाले मग रूफटॉप सोलर टाकू किंवा बाहेरनं सोलरची वीज घेऊ. ठीक. पण आमची मेल्टिंग रात्री चालते! कारण वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा वीज सवलतीत होती, सगळ्या फौंड्र्यांनी शिफ्ट त्यावर बसवल्या. म्हणजे दरपत्रकानंच आम्हाला रात्रीच्या कोळशावर नेऊन बसवलंय. आता केंद्रानं २०२३ ला नियम बदलून दिवसा उन्हाच्या वेळात वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग असं धोरण आणलंय, ते बरोबरच आहे, पण आमचं अख्खं वेळापत्रक उलटं करायला लागणार.

जुना_मोल्डर

दिवसा मेल्टिंग? एप्रिलमध्ये दुपारी दोनला भट्टीपुढं उभं राहून दाखव, मग बोलू. रात्रीची पोअरिंग फक्त सवलतीसाठी नव्हती बाबा.

सबस्टेशन_नाईट_ड्युटी

सकाळी नऊ ते एक करा की. उन्हाची वीज नऊलाच चांगली सुरू होते, मार्च-एप्रिलमध्ये तर अजून आधी. मोल्ड रात्री बनवा, रस सकाळी. आणि काकांनी सांगितलेलं होल्डिंगचं आधी मोजा, फर्नेसला स्वतंत्र मीटर आहे का? बऱ्याच ठिकाणी कॉम्प्रेसर, सँड प्लँट, फर्नेस सगळं एकाच बिलात असतं, मग टनामागचे युनिट हा नुसता अंदाज राहतो.

शिरोलीकर

नाही, एकच मीटर आहे, ६०० हा फर्नेसच्या पॅनेलवरचा आकडा आहे आणि तो पॅनेल किती खरं बोलतो माहीत नाही. सबमीटर लावायचं ठरलंय. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित मध्ये कुणी एक टनी फर्नेसला लावला असेल तर सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) कितीची घेतली आणि हार्मोनिक्समुळं (फर्नेस विजेची लाट बिघडवते त्यामुळं) रीडिंग गंडत नाही ना तेवढं सांगा.

कागलकर

आमच्यात लावलाय. साधा मीटर घेऊ नका, गंडतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.